चित्रातली हुत्सूल तरुणी आणि तिच्या हातचं काम

एकोणिसाव्या शतकाची शेवटची वीस वर्षं आणि विसाव्याची पहिली चाळीस वर्षं क्राकूव्ह, ल्विव्ह आणि व्हिएन्नाच्या चित्रप्रदर्शनांत एक तरुणी पुन्हा पुन्हा भेटते. अंगात जाड पांढऱ्या कापडाचा सदरा, त्याच्या बाह्यांवर लाल-केशरी भरतकामाचे दाट पट्टे, वर मेंढीच्या कातड्याची बिनबाह्यांची बंडी, गळ्यात पोवळ्यांच्या आणि काचमण्यांच्या माळा, छातीवर पितळी क्रूसांची साखळी. कधी ती हिरव्या डोंगरउतारावर उभी असते, कधी बर्फात, कधी देवळातून बाहेर पडताना दिसते. चित्रकार वेगळे, शैली वेगळ्या. चित्राखालचं शीर्षक मात्र बहुधा एकच असतं, ‘हुत्सूल स्त्री’. कोपऱ्यात चित्रकाराची सही असते. समोर बसलेल्या मुलीचं नाव, तिचं गाव, तिच्या आईबापांचं नाव बहुतेक वेळा कुणी टिपून ठेवलेलं नाही.

या चित्रांचा इतिहास आजवर चित्रकारांचा इतिहास म्हणून सांगितला गेला. तो खोटा नाही, पण अर्धा आहे. कॅनव्हासवर जे डोळ्यांत भरतं, ते रंग, त्या नक्ष्या, ती रचना आधी त्या मुलीच्या अंगावर होती. आणि त्यातला मोठा भाग तिने, तिच्या आईने किंवा आजीने स्वतःच्या हातांनी केलेला होता. चित्रकाराने एका कलाकृतीवरून दुसरी कलाकृती केली. या दृष्टीने पाहिलं, की सुमारे साठ वर्षांच्या त्या कालखंडाची गोष्ट बरीच बदलते.

डोंगरातली माणसं

हुत्सूल हे कार्पेथियन पर्वतात राहणारे युक्रेनी डोंगरकरी लोक. त्यांचा मुलूख प्रुत आणि चेरेमोश या नद्यांच्या उगमाभोवतीचा, चोर्नोहोरा या डोंगररांगेच्या दोन्ही अंगांचा. याच रांगेतलं होव्हेर्ला हे २,०६१ मीटर उंचीचं शिखर आज युक्रेनमधलं सर्वांत उंच ठिकाण मानलं जातं. इथे शेती जेमतेम. जगणं मेंढ्या, गाई आणि लाकडावर. वसंत संपता संपता पुरुष कळप घेऊन माथ्यावरच्या कुरणांवर चढत आणि शरद ऋतूत उतरत. जंगलात तोडलेले ओंडके तराफ्यांत बांधून चेरेमोशच्या पुरात खाली सोडले जात. घरं एकमेकांपासून दूर, एकेक उतारावर एकेक. त्यामुळे चार-पाच महिने घर, गुरं, गवत आणि मुलं यांचा सारा कारभार बाईच्या हाती असे. हुत्सूल बायका घोड्यावर पुरुषांसारख्या मांड टाकून बसतात आणि उघडपणे चिलीम ओढतात, हे मैदानातून आलेल्या प्रवाशांनी नवलाने लिहून ठेवलं आहे.

१७७२ मध्ये पोलंडची पहिली फाळणी झाली आणि गालिसिया हा प्रांत ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याकडे गेला. पाठोपाठ १७७५ मध्ये शेजारचा बुकोव्हिनाही गेला. डोंगरापलीकडचा भाग हंगेरीच्या राजमुकुटाखाली होताच. म्हणजे हुत्सूल मुलूख तीन प्रशासनांत विभागलेला, पण राजघराणं एकच. साम्राज्याच्या नकाशावर तो अगदी पूर्वेच्या काठावर होता. व्हिएन्नाच्या माणसाला तो परदेशाइतकाच अनोळखी. या अनोळखीपणातूनच पुढचं सारं कुतूहल निघालं.

सम्राट, छायाचित्रकार आणि संगीतकार

१८६६ मध्ये ल्विव्हहून चेर्निव्हत्सीला जाणारी रेल्वे सुरू झाली आणि वाटेवरचं कोलोमिया हे बाजारगाव हुत्सूल डोंगरांचं दार बनलं. १८८० च्या सप्टेंबरात इथे एक लोकजीवनाचं प्रदर्शन भरलं. सम्राट फ्रान्झ योझेफ गालिसियाच्या दौऱ्यावर होता. त्याने स्वतः येऊन ते पाहिलं. मातीची भांडी, कोरीव लाकूडकाम, पितळी दागिने, कपडे, सगळं एका जागी मांडलेलं होतं. डोंगरातल्या रोजच्या वापरातल्या वस्तू ‘कला’ म्हणून सरकारदरबारी पाहिल्या जाण्याचा हा मोठा प्रसंग.

या प्रदर्शनामागे ज्यांचे कष्ट होते, त्यांतला एक ऑस्कार कोल्बेर्ग. हा मुळात संगीतकार. लोकगीतं जमवता जमवता तो आयुष्यभराचा लोकसंस्कृतीचा संग्राहक झाला. कोलोमियाच्या भोवतालच्या प्रदेशावरचा त्याचा ‘पोकुत्ये’ हा चार खंडांचा ग्रंथ १८८२ पासून १८८९ पर्यंत प्रसिद्ध झाला. दुसरा माणूस कोलोमियाचा छायाचित्रकार युलियुश दुत्कियेविच. त्याने हुत्सूल स्त्री-पुरुषांना ठेवणीतल्या पोशाखात उभं करून त्यांची छायाचित्रं घेतली. पोशाखाचा काट, दागिन्यांची मांडणी, डोक्याचं बांधणं हे सारं त्यांत नेमकं उतरलं. पण त्या काळच्या छायाचित्रात रंग नव्हता, आणि हुत्सूल पोशाखातून रंग काढला तर उरतं थोडंच. ती उणीव चित्रकारच भरून काढू शकत होता.

पोशाखांची रंगीत नोंद करण्याची परंपरा गालिसियात त्याआधीही होती. ल्विव्हचा वास्तुविशारद युरी ह्लोहोव्ह्स्की याने १८३० च्या दशकात गावोगावच्या पोशाखांची जलरंगचित्रं केली होती. त्यांत माणूस म्हणजे पोशाख दाखवण्याचं साधन. चेहरा जेमतेम, नजर रिकामी. या नोंदीच्या चित्रापासून व्यक्तिचित्रापर्यंतचा प्रवास व्हायला अर्धं शतक लागलं.

आगगाडीने आलेले चित्रकार

तो प्रवास घडवला आगगाडीने. १८९४-९५ मध्ये स्तानिस्लाविव्ह गावाहून (आजचं इव्हानो-फ्रान्कीव्स्क) प्रुतच्या खोऱ्यातून थेट डोंगर ओलांडणारी लोहमार्गाची शाखा सुरू झाली. यारेम्चे इथे प्रुतवर ६५ मीटर लांबीची एकच दगडी कमान उभारून पूल बांधला गेला. त्या काळी जगातल्या सर्वांत मोठ्या दगडी कमानींत त्याची गणना होत असे. यारेम्चे, मिकुलिचिन, तातारिव्ह, व्होरोख्ता ही गावं एकाएकी शहराच्या टप्प्यात आली. शहरी माणसं हवापालटाला येऊ लागली. त्यांच्या मागोमाग रंगांच्या पेट्या घेऊन चित्रकार आले.

त्याच वर्षी, १८९४ मध्ये, ल्विव्हला संपूर्ण गालिसियाचं भव्य प्रदर्शन भरलं. त्यातल्या लोकजीवनाच्या विभागाच्या मांडणीत व्होलोदिमिर शुखेव्हिच या शिक्षकाचा मोठा वाटा होता. पुढे १८९९ ते १९०८ या काळात त्याचा ‘हुत्सूलश्चिना’ (म्हणजे हुत्सूल मुलूख) हा पाच भागांचा ग्रंथ ल्विव्हला निघाला. घर, शेत, कुरण, लग्न, मरण, गाणी, भुतंखेतं, कपडे, सगळं त्यात आहे. आजही या लोकांविषयी काही शोधायचं म्हटलं, की अभ्यासक आधी शुखेव्हिच उघडतात.

क्राकूव्हमध्ये तेव्हा खेड्यातल्या माणसाकडे नव्या नजरेने पाहण्याची लाट होती. पोलंड नावाचं राज्य नकाशावर उरलं नव्हतं. ज्यांचं राज्य गेलं, त्यांना आपलं सत्त्व शेतकऱ्याच्या घरात, त्याच्या कपड्यांत, त्याच्या सणांत सापडेल असं वाटत होतं. कवी आणि चित्रकार खेड्यांत जाऊन राहत, काहींनी खेड्यातल्या मुलींशी लग्नंही केली. हुत्सूल हे पोलिश नव्हते, युक्रेनी होते. पण रंगांची ओढ असलेल्या चित्रकाराला त्यांच्याइतका समृद्ध विषय दुसरा मिळणार नव्हता.

तेओदोर आक्सेन्तोव्हिच (१८५९–१९३८) हा या वाटेवरचा आधीचा प्रवासी. जन्म ट्रान्सिल्व्हानियातल्या ब्राशोव्हचा, घराणं आर्मेनियन वंशाचं, शिक्षण म्युनिक आणि पॅरिसचं. हुत्सूलांच्या अंत्ययात्रेचं चित्र त्याने १८८२ मध्येच केलं होतं. पुढे नदीवर पाणी आशीर्वादित करण्याचा ‘योर्दान’ सण आणि ‘कोलोमियका’ हे नाच रंगवणारं १८९५ चं चित्र यांनी त्याचं नाव झालं. त्याच वर्षी तो क्राकूव्हच्या कला अकादमीत प्राध्यापक झाला. आर्मेनियन व्यापारी चेरेमोशकाठच्या कुती या गावात अठराव्या शतकापासून वसलेले होते आणि त्यांच्या चामड्याच्या व्यापाराचा डोंगराशी जुना संबंध होता; आक्सेन्तोव्हिचच्या पूर्वजांच्या समाजाला हुत्सूल परके नव्हते. पॅरिसमध्ये उच्चभ्रू स्त्रियांची पेस्टलमध्ये नाजूक व्यक्तिचित्रं करणारा त्याचा हात हुत्सूल माणसांकडे वळला, तेव्हा त्यांच्या वाट्यालाही तीच तरल रेषा आली.

त्याच्यानंतरच्या पिढीतली तीन नावं या विषयाशी कायमची जोडली गेली: काझिमियेश सिखुल्स्की (१८७९–१९४२), व्लादिस्लाव यारोत्स्की (१८७९–१९६५) आणि फ्रिदेरिक पाउच (१८७७–१९५०). तिघंही क्राकूव्ह अकादमीत शिकलेले, तिघंही गालिसियाचे. पाउचचा तर जन्मच प्रुतकाठच्या देल्यातिनचा, म्हणजे हुत्सूल मुलखाच्या उंबऱ्यावरचा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे तिघं डोंगरात येऊ-जाऊ लागले. पाउचचा रंग जाड, उग्र. त्याच्या चित्रांत वारा आणि चिखल जाणवतो. यारोत्स्कीने बर्फावर पडलेल्या उन्हात पोशाखाचे रंग कसे पेटतात ते टिपलं. सिखुल्स्कीने काचचित्रासारखी ठळक बाह्यरेषा घेऊन हुत्सूल आईला थेट मरियमेच्या जागी बसवलं. त्याची ‘हुत्सूल मॅडोना’ तीन फळ्यांच्या धर्मचित्राच्या घाटात आहे. आई आणि मूल दोघंही डोंगरातल्या पोशाखात. युरोपच्या धर्मचित्रांत मरियमेच्या निळ्या वस्त्राला जे स्थान, ते इथे एका गावच्या भरतकामाला मिळालं.

पोशाख वाचायचा कसा

या चित्रांसमोर उभं राहिल्यावर आपली नजर आधी चेहऱ्याकडे जाते. हुत्सूल माणसाची नजर आधी बाहीकडे गेली असती. सदऱ्याच्या बाहीवर, खांद्याच्या जरा खाली, भरतकामाचा जो आडवा पट्टा असतो त्याला ‘उस्ताव्का’ म्हणतात. मुलगी कुठल्या खोऱ्यातली, कुठल्या गावची, हे जाणत्याला त्यावरून कळे. कोस्माच गावचा पट्टा पिवळ्या-केशरी झळाळीचा; दुसऱ्या गावचा गर्द लाल, तिसऱ्याचा काळपट. चित्रकाराने मुलीचं नाव लिहिलं नसलं, तरी बाही इमानाने रंगवली असेल तर तिने आपला पत्ता आपल्या हाताने लिहून ठेवलेला आहे.

हे भरतकाम ज्या पद्धतीने होतं, तिचं नाव ‘निझिन्का’. कापडावर आधी नक्षी काढून घेत नाहीत. कापडाच्या उलट्या बाजूने, आडवे-उभे धागे मोजत टाके घालत जायचं. सुलट बाजूला चौकोन, कर्ण, तारे आपोआप उमटत जातात. टाका घालणारीला समोर नक्षी दिसत नसते, ती तिच्या मोजणीत असते. एक धागा चुकला की पुढची सारी ओळ सरकते. चित्रकलेच्या अकादमीत वर्षानुवर्षं शिकून येणाऱ्या रचनेच्या शिस्तीइतकीच ही शिस्त कठोर आहे, आणि ती आईकडून मुलीकडे बोटांवाटे गेलेली आहे.

सदऱ्याचं कापडसुद्धा घरचंच. अंबाडीसारखा धागा देणारं हेंप पेरायचं, उपटायचं, पाण्यात कुजवायचं, झोडपायचं, विंचरायचं, चातीवर सूत काढायचं, मागावर विणायचं, उन्हात धुऊन पांढरं करायचं. ही सारी कामं बायकांची. हिवाळ्याच्या लांब रात्री त्यांत जात.

कंबरेखाली शिवलेला घागरा नाही. पुढे एक आणि मागे एक अशी लोकरीच्या विणीची दोन आयताकृती वस्त्रं, ‘झापास्का’, गुंडाळून वर विणलेला पट्टा, ‘क्रायका’, आवळतात. सणाच्या झापास्केत जरीचा धागा असे, म्हणूनच चित्रांत कंबरेखालचा भाग उन्हात चमकताना दिसतो. वरची बंडी म्हणजे ‘केप्तार’: मेंढीचं कातडं, केसाची बाजू आत, बाहेरून रंगीत चामड्याचे तुकडे, लोकरीचे गोंडे आणि पितळी टिकल्या. केप्तार पुरुष कारागीर शिवत. पितळी काम ब्रुस्तुरीसारख्या गावांतले ओतारी करत. त्यांनी ओतलेल्या छोट्या क्रूसांची गळ्यातली साखळी, ‘झ्गार्दा’, ही हुत्सूल दागिन्यांतली सर्वांत जुन्या वळणाची मानली जाते.

उरलेल्या माळांत जगाचा व्यापार गोळा झालेला असे. पोवळं भूमध्य समुद्रातलं, रंगीत काचमणी व्हेनिसच्या भट्ट्यांतले, चांदीची नाणी ऑस्ट्रियाच्या टांकसाळीतली. जिथे बैलगाडीही धडपणे चढत नसे, अशा उतारावरच्या मुलीच्या गळ्यात हे सगळं होतं. कुटुंबाची शिल्लक, मुलीचा हुंडा आणि अडीनडीची तरतूद, तिन्ही त्या माळांत असत. चित्रकाराने गळ्याशी लाल रंगाचे जे जाड फटकारे मारले आहेत, ते म्हणजे त्या घरची सारी मालमत्ता.

डोक्यावरून कळतं लग्न झालं की नाही. कुमारिका डोकं उघडं ठेवते. वेण्यांत रंगीत लोकर गुंफून ती डोक्याभोवती फिरवते. सणाला कपाळावर ‘चिल्त्से’ हा पितळी पट्टा बांधते, त्याला लोंबणारी पानं चालताना किणकिणतात. लग्नात वधूच्या डोक्यावर हाच साज चढे आणि ती घोड्यावरून चर्चला जाई. लग्न लागलं की केस झाकायचे. त्यासाठी ‘पेरेमित्का’ नावाचं लांब, टोकांना नक्षी असलेलं कापड डोक्याभोवती विशिष्ट पद्धतीने गुंडाळतात. पुढे कारखान्यात छापलेले फुलाफुलांचे रुमाल आले आणि पेरेमित्का मागे पडत गेली. एखाद्या चित्रात तरुणीच्या डोक्याला घरची पेरेमित्का आहे की बाजाराचा रुमाल, यावरून तिच्या घरापर्यंत कारखाना पोहोचला होता का, याचा अंदाज येतो. रंगांचंही तसंच. झाडपाल्याच्या शांत रंगांच्या जागी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रासायनिक रंगांची लोकर आली. चित्रकारांना ज्या भडक केशरीने भुरळ घातली, तो रंग त्या बायकांच्या हाती नुकताच आला होता आणि त्यांनी तो बेधडक वापरला होता. त्यांची परंपरा जिवंत होती. नवं हाती आलं की त्या ते घेत होत्या.

आपल्या माणसांनी काढलेली चित्रं

युक्रेनी चित्रकारांना हीच तरुणी वेगळ्या कारणासाठी हवी होती. इव्हान त्रुश (१८६९–१९४१) क्राकूव्हलाच शिकला, पण ल्विव्हला येऊन त्याने १८९८ मध्ये आपल्या लोकांच्या कलेसाठी संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला. लेस्या युक्राइन्का या कवयित्रीचं १९०० सालचं प्रसिद्ध व्यक्तिचित्र त्याचंच. तिला रंगवणारा हाच हात पुढे लांबलचक लाकडी त्रेंबिता फुंकणाऱ्या हुत्सूलांकडे आणि १९१२ मध्ये मूल घेतलेल्या हुत्सूल स्त्रीकडे वळला. त्रुशच्या दृष्टीने ही डोंगरातली माणसं कुतूहलाचा विषय नव्हती. ज्या समाजाला स्वतःचं राज्य नव्हतं, त्याच्या सांस्कृतिक अस्तित्वाचा तो पुरावा होता. त्याच वर्षांत चेरेमोशकाठचं क्रिवोरिव्न्या हे गाव युक्रेनी लेखकांचं उन्हाळी बिऱ्हाड झालं. इव्हान फ्रान्को तिथे येई. मिखाइलो कोत्सुबिन्स्की तिथे राहून गेला आणि १९११ मध्ये त्याने ‘विस्मृत पूर्वजांच्या छाया’ ही दीर्घकथा लिहिली.

यारोस्लाव प्स्त्राक (१८७८–१९१६) याने हुत्सूल स्त्री-पुरुषांची जी चित्रं केली, ती कोलोमियाहून पोस्टकार्डांवर छापली गेली. चित्रप्रदर्शनाची पायरी न चढणाऱ्या माणसाच्या हातात या तरुणीचा रंगीत चेहरा पहिल्यांदा आला तो असा. आणि १९१० मध्ये क्रास्नोइल्ल्या गावात लेखक ह्नात खोत्केव्हिचने ‘हुत्सूल नाट्यसंस्था’ काढली. तिचे नट-नट्या म्हणजे गावचेच लोक, बरेचसे निरक्षर. त्यांनी स्वतःच्या कपड्यांत, स्वतःच्या बोलीत गालिसियाभर प्रयोग केले. चित्रात गप्प बसलेली तरुणी इथे रंगमंचावर बोलू लागली.

चौकटीबाहेर राहिलेलं

सणाच्या पोशाखात रंगवलेली मुलगी वर्षातले किती दिवस तशी असे? चित्रांत गवत कापून सोललेले हात क्वचित दिसतात. जंगलं आणि कुरणं हातची जाऊन सावकाराच्या दारी गेलेली घरं दिसत नाहीत. बाळंतपणात गेलेल्या बायका दिसत नाहीत. या चित्रांवर प्रेम करणाऱ्यानेही हे विसरू नये.

१९१४ मध्ये युद्ध आलं ते याच खिंडींतून. रशियन आणि ऑस्ट्रियन सैन्यं कार्पेथियनच्या घाटांत वर्षानुवर्षं झुंजली, गावं अनेकदा या हातातून त्या हातात गेली. १९१७ मध्ये यारेम्चेचा तो दगडी पूल उडवला गेला. साम्राज्य कोसळल्यावर १९१९ च्या जानेवारीत यासिन्या इथे हुत्सूलांनी स्वतःचं छोटं प्रजासत्ताक जाहीर केलं. स्तेपान क्लोचुराक त्याचा नेता. ते त्याच वर्षी जूनमध्ये मोडलं गेलं. मग एकाच डोंगराचे तीन तुकडे तीन देशांत गेले: गालिसियाकडचा पोलंडमध्ये, बुकोव्हिनाकडचा रुमानियात, पलीकडचा चेकोस्लोव्हाकियात.

तरी चित्रं थांबली नाहीत. पोलिश सरकारच्या पाठबळावर १९३३ मध्ये ‘हुत्सूलश्चिना-मित्र मंडळ’ स्थापन झालं, पर्यटन वाढलं, पोशाखातली हुत्सूल मुलगी जाहिरातींत आली. ल्विव्हमध्ये ओलेक्सा नोव्हाकिव्स्कीने १९२३ पासून स्वतःची चित्रशाळा चालवली. महानगर धर्माध्यक्ष आन्द्रेय शेप्तित्स्की तिचे आश्रयदाते. नोव्हाकिव्स्की उन्हाळ्यात शिष्यांना घेऊन कोस्माचला जाई. कोस्माच म्हणजे जिथे १७४५ मध्ये डोंगरातला बंडखोर ओलेक्सा दोव्बुश मारला गेला ते गाव. लोककथेत दोव्बुशच्या मरणाशी जोडलेली झ्विन्का ही स्त्री नोव्हाकिव्स्कीने पुन्हा पुन्हा रंगवली. त्याच्या कॅनव्हासवर हुत्सूल तरुणीला शेवटी एक नाव मिळालं, ते दंतकथेतलं. डोंगरापलीकडे उझ्होरोदला आदाल्बेर्त एर्देलीने योसिप बोक्शायबरोबर १९२७ मध्ये चित्रशाळा काढली, आणि त्याच्या ब्रशातूनही हुत्सूल स्त्री उतरली.

या सगळ्यांत ओलेना कुल्चित्स्का (१८७७–१९६७) हिचं काम मला सर्वांत मोलाचं वाटतं. स्त्री चित्रकार, पेशाने शिक्षिका. पश्चिम युक्रेनमधल्या गावोगावच्या पोशाखांची तिने जलरंगात नोंद केली. तो संग्रह १९५९ मध्ये ग्रंथरूपाने निघाला. टाका, वीण, गुंडाळण्याची तऱ्हा हे सारं तिने करणारीच्या बाजूने समजून घेतलेलं दिसतं. कोलोमियातही १९२६ पासून वस्तू गोळा करून उभारलेलं हुत्सूलश्चिनाचं संग्रहालय १९३४ च्या अखेरीस लोकांसाठी खुलं झालं. आज ज्यांना चित्रातली बाही खऱ्या बाहीशी ताडून पाहायची आहे, त्यांनी जावं असं हे ठिकाण.

कॅमेऱ्यामागे गेलेली स्त्री

१९३९ मध्ये आणि पुन्हा १९४४ मध्ये सोव्हिएत सत्ता आली. प्रतिकार, अटका, हद्दपाऱ्या, सामूहिक शेती. १९६२ मध्ये हुत्सूलांच्या झाब्ये या मोठ्या गावाचं नावच बदलून वेर्खोव्हिना केलं गेलं. अशा काळात दिग्दर्शक सेर्गेई पाराजानोव्हने कोत्सुबिन्स्कीच्या कथेवर क्रिवोरिव्न्याच्या परिसरात चित्रपट केला. तो १९६५ मध्ये प्रदर्शित झाला. चित्रकार फेदिर मानाइलो त्याचा सल्लागार होता. पडद्यावर गावकरी आपल्या ठेवणीतल्या कपड्यांत वावरले. साठ वर्षांपूर्वी चित्रकारांनी जे रंग पाहिले होते, ते आता जगभरच्या चित्रपटगृहांत पोहोचले.

त्याच क्रिवोरिव्न्यात तेव्हा पारास्का प्लित्का-होरित्स्व्हित (१९२७–१९९८) ही बाई एकटी राहत होती. स्वातंत्र्यलढ्यातल्या लोकांना मदत केल्याबद्दल तरुणपणीच अटक होऊन ती सोव्हिएत छावण्यांत जवळपास दहा वर्षं काढून आली होती. परतल्यावर तिने हाताने पुस्तकं लिहिली, बांधली, चित्रं काढली आणि कॅमेरा घेऊन शेजारीपाजाऱ्यांची हजारो छायाचित्रं टिपली. त्यांत लग्नं आहेत, तिरड्या आहेत, गवताच्या गंज्या आहेत, आणि तरुण मुली आहेत, ठेवणीतल्या पोशाखात आणि कामाच्या कपड्यांतही. तिच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी ही छायाचित्रं पुढे आली आणि २०१९ मध्ये कीव्हच्या ‘मिस्तेत्स्की आर्सेनाल’ या कलादालनात तिच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं. ती ज्यांची छायाचित्रं काढत होती, त्यांना ती नावाने ओळखत होती. दुत्कियेविच आणि आक्सेन्तोव्हिचपासून सुरू झालेल्या गोष्टीतली मोठी उलथापालथ हीच आहे: जिच्याकडे इतकी वर्षं पाहिलं गेलं, तीच आता पाहणारी झाली.

चित्रकारांचं श्रेय यामुळे कमी होत नाही. सिखुल्स्की, यारोत्स्की, त्रुश, नोव्हाकिव्स्की यांनी हा रंग जपला नसता, तर पेटाऱ्यांत कुजलेले आणि युद्धात जळालेले कितीतरी पोशाख आपल्याला कधीच दिसले नसते. पण संग्रहालयांनी आता एक काम करायला हवं. ‘हुत्सूल स्त्री’ या शीर्षकाखाली चित्रकाराच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत बाहीवरून ओळखता येणारं गाव, वस्त्रांची नावं आणि ती करणाऱ्या हातांचा उल्लेख यावा. मुलीचं नाव बहुधा आता कधीच सापडणार नाही. तिच्या गावाचं आणि तिच्या कामाचं सापडू शकतं, आणि तेवढं शोधून लिहिणं हे आपलं तिच्याकडे राहिलेलं देणं आहे.